आडवा पडदा निवारण मंडळ

माणसाला आपल्या कॉम्प्युटरकडे मान सरळ ठेवून बघता यावं, याहून मोठी मागणी मी आयुष्याकडे कधी केली नव्हती. एवढ्यासाठी मला एक अख्खी संस्था स्थापन करावी लागेल, नोटरीपुढे पासपोर्ट घेऊन बसावं लागेल आणि धुराडी तपासायला आलेल्या एका सरळमार्गी माणसाची सही जवळजवळ फसवून घ्यावी लागेल, असं कोणी आधी सांगितलं असतं तर मी पूर्वीसारखा वही-पेन्सिल घेऊन ट्राममध्ये बसलो असतो.

सगळी चूक माझ्या ओव्हरकोटाची. त्याचे खिसे मोठे आहेत. आणि मोठे खिसे असलेल्या माणसाला खिशात मावणारा लॅपटॉप दिसला की तो सुरक्षित राहत नाही. सात इंची पडदा, बोटभर जाडी, कळफलक असा की एका वेळी एकच बोट टेकावं. मी घेतला.

माझं नाव एकहार्ट देर्नेमान. कासेल शहरात भूमापन खात्यात नकाशे दुरुस्त करतो. दुसऱ्यांच्या हद्दी सरळ करण्यात माझी एकतीस वर्षं गेली. राहतो एकटा, तिसऱ्या मजल्यावर. आणि कॉम्प्युटरवर वापरतो ‘लिंडे’.

लिंडे म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ते कोणालाच माहीत नसतं. जगातले बहुतेक कॉम्प्युटर ज्या दोन-तीन प्रणालींवर चालतात, त्यांतली ही नव्हे. लिंडे ही हौशी लोकांनी फावल्या वेळात बांधलेली प्रणाली आहे. ती वापरणारे जगात चारशे लोक आहेत असं आम्ही म्हणतो. आमचा म्होरक्या टोर्किल, डेन्मार्कचा, तो म्हणतो दोनशे साठ. काही जण वारले आहेत आणि त्यांनी तसं कळवलेलं नाही. तर अशी ही प्रणाली मी नव्या लॅपटॉपवर चढवली, बटण दाबलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली. आडवी. डावीकडून उजवीकडे जाण्याऐवजी मुंग्यांसारखी खालून वर चढत निघाली होती.

कारण अगदी साधं होतं. लहान लॅपटॉप बनवणारे कारखाने त्यात मोबाईलसाठी बनवलेला उभा पडदा घेतात आणि आडवा बसवतात. मोठ्या प्रणालींना हे ठाऊक असतं. त्यांच्याकडे त्या त्या पडद्याचा ड्रायव्हर असतो, म्हणजे पडद्याशी त्याच्या भाषेत बोलणारा एक छोटा प्रोग्राम. तो गुपचूप चित्र फिरवून घेतो. लिंडेकडे या पडद्याचा ड्रायव्हर नव्हता. मी आमच्या पत्रयादीवर, म्हणजे सगळ्या वापरणाऱ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर, तशी तक्रार लिहिली. तीन उत्तरं आली. पहिलं : “माझ्याकडे व्यवस्थित चालतं.” (त्याच्याकडे टेबलाएवढा कॉम्प्युटर आहे.) दुसरं : “लॅपटॉप फिरवून बघा.” तिसरं टोर्किलचं : “छान! लहान लॅपटॉपचं काम तुम्ही अंगावर घेताय हे वाचून आनंद झाला.” मी कुठे घेतलं होतं? पण दुसऱ्या दिवशी लिंडेच्या पानावर ‘लहान लॅपटॉप : ए. देर्नेमान’ असं छापून आलं, आणि खरं सांगायचं तर मी ते दोनदा उघडून बघितलं.

आता लॅपटॉप फिरवला की कळफलक उभा होतो. तेव्हा पडदा फिरत नाही तर आपण फिरावं, असा विचार करून मी कचेरीतून आलो की सोफ्यावर डाव्या कुशीवर आडवा व्हायचो, लॅपटॉप समोरच्या स्टुलावर ठेवायचो आणि काम करायचो. ड्रायव्हर लिहिण्याचं बरंचसं काम म्हणजे पडद्याकडे बघत राहणं. त्यामुळे मी तास तास हलायचो नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला माझ्या दारात किल्ली फिरली.

“हलू नका!” असं ओरडत रेबाइनबाई आत आल्या. त्या बिल्डिंगच्या मधल्या चौकाच्या पलीकडच्या जिन्यातल्या. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या सोफ्याकडे बघते. चाळीस वर्षं लोकांचे गुडघे आणि मणके सरळ करून त्या निवृत्त झाल्या होत्या. हातात रक्तदाब मोजायचं यंत्र. त्यांच्या मागे दुसऱ्या मजल्यावरचे फानकूखसाहेब. ते करखात्यातून निवृत्त झालेले. सगळ्या बिल्डिंगच्या जादा किल्ल्या त्यांच्याकडे असतात. लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे की त्यांची भीती वाटते, हे कोणी तपासलेलं नाही.

“बोला काहीतरी! आज वार कोणता?”

“बुधवार,” मी म्हटलं.

“बोलतायत,” रेबाइनबाई मागे वळून म्हणाल्या. “तोंड वाकडं झालेलं नाही.”

“मान वाकडी आहे,” फानकूखसाहेब म्हणाले.

“अहो, तीन दिवस बघतेय मी! रोज सहा वाजता पडतात ते हलत नाहीत. काल म्हटलं डुलकी लागली असेल. आज म्हटलं, गेले.”

मी उठून बसलो आणि जमेल तेवढ्या प्रतिष्ठेने सांगितलं की मी गेलेलो नाही, पडदा आडवा आहे आणि त्याला ड्रायव्हर नाही.

“ड्रायव्हर कशाला?” फानकूखसाहेब म्हणाले. “गाडी तरी कुठे आहे तुमच्याकडे?”

त्या दिवसापासून माझा पडदा खाजगी राहिला नाही. जिन्यात जो भेटेल तो माझ्या मानेकडे बघायचा आणि मग सल्ला द्यायचा. रेबाइनबाईंनी मानेला गार चक्क्याचा लेप सांगितला, नुसता सांगितला नाही, लावला; दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या शेजारच्याने खिडकी उघडली. फानकूखसाहेब म्हणाले, पावती आहे ना, परत करा. पहिल्या मजल्यावर क्लाप्रोटबाई अकॉर्डियन शिकवतात. त्यांच्या मते दोष पडद्यात नसून माझ्या श्वासात होता. सगळ्यांत शहाणी गोष्ट बोलले ते खालच्या शिंपी दुकानातले नेजात ओझ्बुदाक. त्यांनी लॅपटॉप हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, “कापड आडवं लागलंय, साहेब. उसवून सरळ लावायचं. पण तुमच्याकडे मूळ बेतणी पाहिजे. बेतणीशिवाय उसवलं तर वाट लागेल.”

मूळ बेतणी म्हणजे पडद्याचं माहितीपत्रक. ते कारखान्याकडे होतं.

याच सुमाराला पत्रयादीवर चौथं उत्तर आलं. “माझ्याकडेही हाच लॅपटॉप आहे. माझाही पडदा आडवा. म्हणजे आपण दोघं झालो. तुम्ही कोणत्या कुशीवर वाचता? – आस्लाउग, लोफोटेन बेटं, नॉर्वे.”

माझी कूस कोणी विचारल्याला अकरा वर्षं झाली होती. मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं : “डाव्या.” पाच मिनिटांत तिकडून आलं : “मीही.”

आस्लाउग बेटावरच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. मी रोज नवा प्रयोग पाठवायचो आणि ती तो करून बघून एका ओळीत निकाल कळवायची. “काळा.” “हिरवा.” “आज दोन पडदे दिसतात, दोन्ही आडवे.” “आता उलटा झालाय, पण इथल्या छपरावरचे पक्षी सुलटे आहेत, म्हणजे दोष माझा नाही.” कचेरीतून निघताना माझी पावलं भराभर पडायला लागली. बघणाऱ्याला वाटलं असतं याची घरी कोणी वाट बघतंय. आणि एका अर्थी बघत होतंच, फक्त ते हिरवं झालेलं होतं.

मी कारखान्याला पत्र लिहिलं. महिन्याने उत्तर आलं : माहितीपत्रक वैयक्तिक ग्राहकांना देता येत नाही, नोंदणीकृत संस्थांनाच देता येतं. कळावे.

हे पत्र मी कचऱ्याच्या डब्यांपाशी फानकूखसाहेबांना दाखवलं. दाखवायला नको होतं. निवृत्तीनंतर नऊ वर्षं ज्या माणसाला कोणी एक फॉर्म भरायला सांगितला नव्हता, त्याच्यापुढे मी पेटती काडी टाकली.

“संस्था काढू!” ते म्हणाले. “काय लागतं? सात माणसं आणि एक घटना. घटना मी लिहितो. सात माणसं तुम्ही आणा.”

सात माणसं! मी वर जाऊन कागद घेऊन बसलो. ज्यांना सही मागता येईल असे माझ्या ओळखीचे लोक. चारांवर गाडी अडली, आणि त्या चारांत एक माझा दाताचा डॉक्टर होता. तो कागद मी कोणाला दाखवला नाही. मी नकाशे करणारा माणूस. मोकळी जागा मोकळी दाखवायची असते हे मला कळतं. पण एवढी मोकळी जागा मी दुसऱ्या कोणाच्या नकाशात पाहिली नव्हती.

शेवटी बिल्डिंगमधूनच माणसं जमवली. मी एक, फानकूखसाहेब दोन, रेबाइनबाई तीन (“मानेवर लक्ष ठेवायला कोणी तरी हवंच”), नेजात आणि त्यांची बायको मेलाहत चार-पाच, क्लाप्रोटबाई सहा. सातवा मिळेना. स्थापनेची सभा तळघरातल्या कपडे वाळवायच्या खोलीत ठरली, कारण ती ऊबदार असते आणि तिथे कोणी राहत नाही. वर दोऱ्या, खाली आम्ही, बटाट्याचं सॅलड आणि मेलाहतबाईंचा गरम बोरेक, म्हणजे चीज भरलेला पापुद्र्यांचा तुर्की पदार्थ. आणि तेवढ्यात धुराडी तपासणारे श्टेबनर बॉयलर बघायला खाली आले. काळा पोशाख, काळी टोपी, हातात फॉर्म.

“इथे सही करा,” ते म्हणाले.

“करतो,” फानकूखसाहेब म्हणाले, “आणि तुम्ही इथे करा.”

श्टेबनरांनी केली. बोरेक खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, “ही कसली तपासणी होती?” तोवर ते आडवा पडदा निवारण मंडळाचे संस्थापक सभासद झाले होते. त्यांनी दुसरा बोरेक घेतला आणि पुढच्या सभेची वेळ विचारली.

नोटरीने माझी सही खरी आहे असं लिहून देण्याआधी संस्थेचं पूर्ण नाव खणखणीत आवाजात वाचलं : “लिंडे प्रणालीवरील लहान संगणकांच्या आडव्या पडद्यांचे निवारण करणारे मंडळ.” मग चष्म्यावरून माझ्या मानेकडे बघून विचारलं, “हे वैद्यकीय आहे का?” मी म्हटलं, अजून नाही.

नोंदणी खात्याकडून कागद परत आले. शेरा होता : “‘लहान’ या शब्दाची व्याख्या नाही.” खात्याचं बरोबरच होतं; माझ्या हपिसातही ‘लहान ओढा’ असं लिहिलं की मी कागद परत पाठवतो. लगेच सभा. फानकूखसाहेब म्हणाले, लहान म्हणजे खिशात मावेल तो. कोणाच्या खिशात, यावर अर्धा तास गेला. नेजातनी गळ्यातली फीत काढून सातही जणांचे खिसे मोजले. सगळ्यांत लहान खिसा क्लाप्रोटबाईंचा निघाला, आणि त्यांनी तो वैयक्तिक अपमान मानला. अखेर अठरा सेंटिमीटर ठरलं. त्या गडबडीत फानकूखसाहेबांनी कलम अकरा वाचून दाखवलं : ‘उद्दिष्ट साध्य झाल्यास मंडळ आपोआप विसर्जनास पात्र होईल.’ सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. दुसऱ्या हातात बोरेक होता.

मंडळाची नोंदणी झाली. कारखान्याकडे अर्ज गेला. आणि उत्तर येईपर्यंत, घटनेत महिन्यातून एक सभा लिहिलेली असताना, आम्ही दर गुरुवारी सहाला जमायला लागलो. ते कोणी ठरवलं, मला आठवत नाही. फानकूखसाहेब मागचं इतिवृत्त वाचायचे. मी आठवड्याचा वृत्तांत द्यायचो, आस्लाउगच्या ओळी वाचून दाखवायचो, मग लॅपटॉप मधल्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवायचो, आणि सहाही जण एकदम मान डावीकडे टाकून बघायचे. काळ्या टोपीत श्टेबनरही. मग क्लाप्रोटबाई काहीतरी वाजवायच्या. मी लिंडे दहा वर्षं वापरतोय. माझं काम बघायला कोणी मान वळवली नव्हती. इथे तर अक्षरशः वळवत होते.

माहितीपत्रक एका शनिवारी सकाळी आलं. अकरा पानं. मी कॉफी ठेवली आणि वाचायला बसलो. कॉफी उकळायच्या आत सापडलं. सातव्या पानावर एक तक्ता होता, आणि आमच्या ड्रायव्हरमध्ये एका जागी शून्य होतं तिथे एक हवा होता. बस. मी सोफ्यावर आडवा होऊन शून्य खोडून एक लिहिला, बटण दाबलं, आणि अक्षरं उभी राहिली.

मी सोफ्यावर उठून बसलो. पाच महिन्यांनी माझं घर मला सरळ दिसलं. मी खिडकी उघडली, कोणी चौकात असेल तर सांगावं म्हणून. कोणी नव्हतं. आस्लाउगला लिहायला बसलो : “झालं!” आणि पाठवायच्या आधी मला कलम अकरा आठवलं.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. गुरुवार जाणार. इतिवृत्त जाणार. आणि आस्लाउग? आमच्या या दुरुस्तीच्या धंद्यात एक गोष्ट पक्की असते : मोडलेलं असतं तोवर लोक लिहितात. चाललं की कोणी लिहीत नाही. माझ्याकडून ज्या ज्या माणसाचं काही दुरुस्त झालं, त्याचं पुन्हा कधी पत्र आलेलं नाही. यात त्यांचा दोष नाही. ज्या दरवाजाची बिजागरी वाजत नाही, त्याच्याबद्दल कोण काय लिहिणार?

मी एक खोडला आणि परत शून्य लिहिलं. अक्षरं आडवी झाली. मीही झालो.

पुढचे तीन गुरुवार मी खोटं बोललो. “काही प्रगती?” फानकूखसाहेब विचारायचे. “थोडी,” मी म्हणायचो, आणि ते ‘थोडी’ असं इतिवृत्तात लिहायचे. सहा माना डावीकडे कलायच्या. दुसऱ्या गुरुवारी मेलाहतबाईंनी माझ्या मानेसाठी चेरीच्या बिया भरून शिवलेली उशी आणली. तापवून ठेवायची असते. “माप अंदाजाने घेतलंय,” त्या म्हणाल्या, “जिन्यातून जाताना.” मी ती रोज तापवायचो आणि मानेखाली घ्यायचो, आणि न दुखणाऱ्या मानेला ती ऊब फार बोचायची.

आस्लाउगला मी खोटे प्रयोग पाठवत होतो. ती इमानदारीने निकाल कळवत होती. “अजून आडवाच.” “आडवा.” मग चार दिवस काहीच नाही. मग एका बुधवारी, मी कचेरीला निघालो असताना, ट्राममध्ये फोनवर तिचं पत्र दिसलं. नेहमीपेक्षा लांब.

“बंदराच्या धक्क्याच्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड. आता बोडो शहरातल्या हॉस्पिटलात आहे. सहा आठवडे उताणं झोपायचं, कुशीवर वळायला सक्त मनाई. लॅपटॉप बरोबर आहे, पण उताण्याने आडवं वाचता येत नाही, म्हणून हे नर्सच्या फोनवरून लिहितेय. भिंतीला एक तडा आहे, तो पाठ झाला. घाई नाही. मंडळाला नमस्कार.”

घाई नाही, हे दोन शब्द मी पुन्हा वाचले आणि पुढच्याच स्टॉपला उतरलो. तो माझा स्टॉप नव्हता. तिथे एक बाक होता, ओला. मी त्यावर बसलो, खिशातून लॅपटॉप काढला, शून्याचा एक केला आणि ड्रायव्हर पाठवून दिला. नर्सने काय करायचं ते पायरीपायरीने लिहिलं. खाली लिहिलं : “हे माझ्याकडे पंचवीस दिवस तयार होतं. मी पाठवलं नाही. कारण सांगण्यासारखं नाही; झालं की तुम्ही लिहिणं थांबवाल असं वाटलं, एवढंच.” बोटं गारठली होती आणि कळफलक लहान, त्यामुळे एवढं लिहायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात तीन ट्राम गेल्या. कचेरीत मी आयुष्यात पहिल्यांदा उशिरा पोचलो, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. एक शब्द.

“सरळ.”

तो पडद्याबद्दल होता की माझ्याबद्दल, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्यानंतर तिचं पत्र आलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या धंद्यात शांतता म्हणजे सगळं ठीक आहे असं समजायचं असतं.

तो गुरुवार होता. सहाला मी खाली गेलो, सगळ्यांसमोर लॅपटॉप उघडला. सवयीने सहा माना डावीकडे गेल्या. मग एकेक करून, हळूहळू, सरळ झाल्या. क्लाप्रोटबाईंनी टाळ्या वाजवल्या. नेजात म्हणाले, “बघा! बेतणी मिळाली की काम होतं!” मेलाहतबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

श्टेबनरांनी विचारलं, “कधी झालं?”

आज, असं म्हणता आलं असतं. त्यांचा फॉर्म भरताना लोक असंच काहीतरी म्हणत असतील. “परवाच्या शनिवारी चार आठवडे होतील,” मी म्हटलं.

मेलाहतबाईंनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

“म्हणजे मागच्या गुरुवारी झालेलं होतं?” रेबाइनबाई म्हणाल्या.

“हो.”

“मी मागच्या गुरुवारी कंबर धरून उतरले होते खाली. केक घेऊन. आणि मान वाकडी करून बघत होते. माझी मान, देर्नेमान! पंचाहत्तर वर्षांची आहे ती!”

“कलम अकरा,” मी म्हटलं. “ते... विसर्जनाचं.” जे सांगायचं होतं ते त्या खोलीत, सहा माणसं समोर असताना, सांगण्यासारखं नव्हतं. आणि सहा माणसं समोर नसती तर सांगायची गरजच नव्हती.

रेबाइनबाईंनी आपला केकचा डबा उचलला. केक अर्धा कापलेला होता. माझ्या ताटलीतला तुकडा तेवढा राहिला. त्या गेल्या. ओझ्बुदाक पतिपत्नी दुकान उघडं आहे म्हणून गेले. क्लाप्रोटबाईंनी अकॉर्डियनचा पट्टा बांधला, तो बांधताना निघालेला हुंदक्यासारखा सूर त्यांनाही नको होता, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

फानकूखसाहेब मात्र बसून होते. “जाण्याआधी ठराव,” ते म्हणाले. दारापाशी पोचलेली माणसं थांबली आणि हात वर केले. रेबाइनबाईंना बोलावून आणावं लागलं. त्यांनी जिन्यातूनच हात वर केला. मंडळ विसर्जित.

“आता ऐका,” फानकूखसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. “विसर्जनाची जाहिरात द्यायची. त्यानंतर एक वर्ष थांबायचं, कोणाचं काही मागणं असलं तर यावं म्हणून. तोवर मंडळ संपत नाही. आवरायला एक माणूस लागतो. तो सभा बोलावतो आणि वृत्तांत देतो.”

“कोण?”

“कोण म्हणजे? गोंधळ कोणी घातला?” त्यांनी फाईल माझ्यासमोर सरकवली आणि ते गेले.

टोर्किलने यादीवर जाहीर केलं : “लहान लॅपटॉप आता व्यवस्थित. देर्नेमान यांचे आभार.” खाली एकच उत्तर आलं. “माझ्याकडे आधीपासूनच चालत होतं.”

पुढच्या गुरुवारी मी विषयपत्रिका छापली, कपडे वाळवायच्या खोलीत सात खुर्च्या मांडल्या आणि एकीवर बसलो. सहा वाजले. सव्वासहा वाजले. दुकानाचं शटर पडल्याचा आवाज आला, पावलं आली आणि वरच्या वर गेली. मी विषयपत्रिका वाचून काढली. एकच विषय होता.

साडेसहाला दार उघडलं. रेबाइनबाई. काखेत कपड्यांची टोपली.

“मी सभेला आलेली नाही,” त्या म्हणाल्या. “मी कपडे काढायला आलेय.”

“हो,” मी म्हटलं.

त्यांच्या चादरी मागच्या दोरीवर होत्या, मोठ्या, जुन्या, जाड. त्या एकेक चिमटा काढून टोपलीत टाकत राहिल्या. चादरींमागून मला त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.

“विषय काय आहे?” चादरीमागून आवाज आला.

“मागील चुकीबद्दल दिलगिरी.”

“इतिवृत्तात येणार का?”

“येणार.”

“मग नीट लिहा. ‘थोडी’ असं लिहू नका.”

चादर दोरीवरून घसरली. त्यांनी ती हनुवटीखाली दाबली आणि हात ताणून घडी घालायला लागल्या. दोन्ही टोकं काही जुळेनात. मी बघत होतो. मीही घरी अशीच घालतो, हनुवटीखाली दाबून. एका माणसाने घातलेली चादरीची घडी कपाटात बरोबर ओळखू येते.

मी उठलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो, चक्का लावतानासुद्धा.

“माझं नाव इर्मट्राउड,” त्या म्हणाल्या. “नुसता उभा काय राहतोस? ते टोक धर.”

मी धरलं. “एकहार्ट,” मी म्हटलं, जणू त्यांना ते माहीतच नव्हतं.

“मागे सर. अजून. आता ओढ.”

मी मागे सरलो, खुर्च्यांना पाठ लागेपर्यंत. मधे चादर ताणली गेली, पांढरी, सरळ. मग आम्ही एकमेकांकडे चालत आलो, टोकाला टोक लावलं, आणि त्यांनी माझ्या हातातून दोन्ही कोपरे काढून घेतले. टोपलीत अजून पाच चादरी होत्या.